लोड नसताना

पूर्ण लोडवर कोसळणाऱ्या ओव्हरक्लॉकची मला कधी धास्ती वाटली नाही. प्राइम९५ ही ताण-टेस्ट लावावी, थोड्या वेळात एखादा वर्कर ‘राउंडिंग ०.५, अपेक्षित ०.४ पेक्षा कमी’ असं सांगून थांबतो; मग व्होल्टेज एक पायरी चढवायचं, नाहीतर मल्टिप्लायर एक पायरी उतरवायचा. सगळा मामला रोखठोक. छळतो तो लोड नसताना पडणारा. रात्रभर टेस्ट पास, तापमान आटोक्यात, आणि सकाळी डेस्कटॉपवर काहीच चालू नसताना स्क्रीन काळी होऊन मशीन रिस्टार्ट. ब्लू स्क्रीनसुद्धा नाही.

भाचीने रायझन ७ ५८००एक्स घेतला आणि ट्यूनिंग शिकायला माझ्याकडे यायला लागली, तेव्हापासून मी या एकाच दुखण्याभोवती फिरतोय. तिने व्हिडिओ बघून कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये, म्हणजे कोअरगणिक व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगमध्ये, सगळ्या कोअरना उणे ३० दिलं होतं, वर बूस्ट अधिक २०० मेगाहर्ट्झ. सिनेबेंचचा स्कोअर सुंदर. ती म्हणाली, “मामा, रेंडर लावला की तासन्‌तास चालतो, आणि मी नुसती पीडीएफ वाचत बसले की पडतो. असं उलटं कसं?”

माझी सगळी घडण हे ‘उलटं’ नसलेल्या काळातली. १९९८चा सेलेरॉन ३००ए: बस ६६वरून १००वर न्यायची, साडेचारच्या मल्टिप्लायरने थेट ४५० मेगाहर्ट्झ. पुढे क्यू६६००, बस ३३३, नऊने गुणून ३ गिगाहर्ट्झ. तिथे सगळ्या कोअरना एकच वेग, एकच व्होल्टेज. सर्वांत जड काम हीच सर्वांत कठीण परीक्षा. ती पास झाली की विषय संपला, हे माझ्या हाताला इतकं सवयीचं होतं की नव्या चिपलाही मी तीच परीक्षा लावत राहिलो.

नव्या चिपमध्ये आठही कोअर राबतात तेव्हा वॅट आणि तापमानाच्या मर्यादा त्यांना शिखराच्या बऱ्याच खाली रोखून धरतात. तिथे कापलेलं व्होल्टेज खपून जातं. पण तुम्ही नुसते वाचत बसलात, मागे अँटिव्हायरस क्षणभर जागा झाला, की एकच कोअर झोपेतून उठून काही मिलिसेकंदांसाठी थेट ५०५० मेगाहर्ट्झवर उडी मारतो. कर्व्हचा एक काउंट म्हणजे तीन ते पाच मिलिव्होल्ट. उणे ३० म्हणजे जवळजवळ व्होल्टचा दहावा भाग कमी. ते कमी पडतं ते नेमकं या उडीत, आणि प्राइम९५ आठही कोअरवर लावून ही उडी कधी दिसतच नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांची, नोंद सापडली: आयडी १८, कॅश हायरार्की एरर, प्रोसेसर एपिक आयडी ६. (१९ असती तर आधी रॅम आणि एफक्लॉककडे वळलो असतो.) एका कोअरला दोन थ्रेड, म्हणून सहाला दोनने भागायचं: शून्यापासून मोजत कोअर ३. भाचीने वहीत आठ रकाने आखले होते. चौथ्यात लाल पेनाने फुली मारली आणि रायझन मास्टर उघडलं, तर चांदणी त्याच कोअरवर. चिपमधला सर्वांत चांगला कोअर तोच.

इथे मी रमलो, अजून रमतोय. चांगला कोअर जास्त सोसेल असं आपल्याला वाटतं. पण कारखान्यातून निघतानाच त्याच्या चांगुलपणातली बरीचशी शिल्लक वापरून झालेली असते. बूस्टसाठी पहिल्यांदा त्यालाच उठवलं जातं. सुमार कोअर उणे ३० निवांत पचवतात, हा उणे १०लाही कुरकुरतो. मग कोअरसायकलर लावायचा, एका वेळी एक कोअर, एक थ्रेड, आणि एव्हीएक्स नव्हे तर एसएसई, कारण एव्हीएक्सने कोअर तापतो आणि वेग उतरतो. आपल्याला वेग चढलेलाच हवा असतो. मधेमधे टेस्ट थांबवून पुन्हा सोडणारी सेटिंगही चालू ठेवायची. एवढं करून उणे ८ रात्रभर टिकलं आणि संध्याकाळी गाणी ऐकताना पडलं. उणे ६वर आलो. त्यावरही आणखी दोन काउंट परत केले, उन्हाळ्यासाठी.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे सी-स्टेट बंद करा, बायोसमध्ये आयडल करंट ‘टिपिकल’ करा. मशीन पडायचं थांबतंही. पण कोअरला झोपूच द्यायचं नाही म्हणजे दुखणं झाकणं आहे, आणि असं मशीन ‘रॉक स्टेबल’ म्हणून मिरवणाऱ्यांचा मला राग येतो. द्रव हेलियमवाल्यांबद्दल आदर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये १३९००केने ९ गिगाहर्ट्झ ओलांडले तेव्हा मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. पण त्यांच्या चिपला उद्या सकाळी कोणाचा प्रबंध उघडायचा नसतो. आता तर शेवटच्या शंभर मेगाहर्ट्झची हाव कंपन्यांनाच सुटली आहे. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप चिपा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होत्या. ०एक्स१२९ मायक्रोकोड काढला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आपल्या हाताला उरलंय ते कारखान्याने ओतलेलं व्होल्टेज कोअरगणिक छाटणं. काहीजण म्हणतात यात ओव्हरक्लॉकिंग संपलं. मला हे काम जुन्यापेक्षा नाजूक वाटतं, म्हणून जास्त आवडतं.

भाचीने शेवटी अधिक २०० काढूनच टाकलं. ४८५०, म्हणजे चिपचा मूळचाच कमाल वेग. “मला पाच दिसायची गरज नाही,” म्हणाली. तिचं मशीन महिनोन्‌महिने पडलेलं नाही आणि व्हीयाची यादी रिकामी आहे. तिच्या निर्णयात खोट काढता येत नाही. तरी मला तो लागला, कारण मला पाच दिसायची गरज आहे. कोणी घरी आलं की मी एचडब्ल्यूइन्फोची खिडकी उघडी ठेवतो, कमाल वेगाचा रकाना दिसेल अशी. माझ्याही मशीनमध्ये तीच चिप आहे. माझ्या चिपच्या सर्वोत्तम कोअरला मी उलट अधिक ३ दिलंय. त्यामुळे तो जास्त तापतो आणि स्कोअर थोडा घटतो, आणि ५०५० राखण्यासाठी मी ते दोन्ही खुशीने सोसतो.