८५६ मधला तो एक आकडा

बाप्पा, काय सापडलंय! ग्रंथालयशास्त्र शिकताना मार्कचे, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथनोंदीच्या साच्याचे, टॅग आपण सगळेच घोकतो. १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ८५६ म्हणजे लिंक, चला पुढं. मीही तसाच पुढं गेलो होतो. मग गावी, रिठदला, घरच्या लॅपटॉपवर कोहा टाकलं (न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कुणीही टाकावं) आणि वा. वि. मिराशींच्या ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ची नोंद करायला बसलो. ८५६ उघडला आणि उठवेचना!

या टॅगला दोन इंडिकेटर. पहिल्यात ४ टाकला की पत्ता वेबवरचा, एवढंच. खरी गंमत दुसऱ्यात. तिथे ० म्हणजे जिची नोंद करतोय ती वस्तूच त्या पत्त्यावर आहे. १ म्हणजे हातातल्या छापील पुस्तकाची डिजिटल आवृत्ती. आणि २? हे पुस्तक नव्हे, पण त्याच्या गणगोतातलं काहीतरी! फक्त एक आकडा, आणि लिंकचं पुस्तकाशी नातं काय ते ठरलं. नाहीतर वाचक पुस्तक मिळेल म्हणून टिचकी मारतो आणि भलत्याच पानावर जाऊन पडतो.

मग काय, सुटलोच मी. वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ साली आपल्या वाशिमलाच सापडला. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या काळातलं वत्सगुल्म. त्या ताम्रपटाचा मूळ पाठ मिराशींच्याच १९६३च्या इंग्रजी ग्रंथात, वाकाटकांच्या कोरीव लेखांच्या खंडात आहे. लावला २! ‘यू’ सबफील्डमध्ये पत्ता, ‘३’ मध्ये ‘वाशिम ताम्रपटाचा पाठ’, आणि ‘झेड’मध्ये वाचकासाठी टीप: ‘ग्रंथ इंग्रजीत, ताम्रपटाची भाषा काही संस्कृत, काही प्राकृत.’

पण सगळ्यात भारी टीप पडली ती गॅझेटियरला. वाशिम जिल्हा झाला १९९८ साली. त्याआधी इंग्रजांच्या काळात तो एकदा होता, पण १९०५ साली मोडला आणि वाशिम अकोला जिल्ह्यात गेलं. त्यामुळे १९१०च्या गॅझेटियरमध्ये वाशिम हवं असेल तर अकोल्याचा खंड उघडावा लागतो, आणि त्यात स्पेलिंगही ‘बासीम’! रिसोड तालुक्यातल्या पोराने ‘वाशिम’ टाकून रात्रभर शोधलं तरी हाती काय लागणार? ‘झेड’मध्ये एकच ओळ लिहिली: ‘अकोला खंड पाहा, इंग्रजीत बासीम शोधा.’ पत्ता कुणीही चिकटवेल हो, ही ओळ मात्र गावाकडच्या ग्रंथपालालाच सुचणार. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी वाचकाचा वेळ वाचवायला १९३१ साली सांगितलं, त्यावर आपण परीक्षेत पानं भरली. वेळ वाचतो तो असा!

लिंका मरतात, हे खरं. अधूनमधून तपासाव्या लागतात आणि ते काम कंटाळवाणं आहे. तरी ‘३’ आणि ‘झेड’ नीट भरले असतील तर पत्ता गेला तरी काय शोधायचं ते वाचकाला कळतं.

म्हणून ग्रंथपाल मंडळी, एक करा. तुमच्या गावावरचं, तालुक्यावरचं एक पुस्तक घ्या, ८५६ उघडा, दुसऱ्या इंडिकेटरमध्ये २ टाका, आणि ‘झेड’ रिकामा सोडू नका.