तिसऱ्या वाराच्या आधी

बोली म्हणजे जबान, आणि जबान फिरवणाऱ्याला यार्डात पाय ठेवू देऊ नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. कापूसवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाचं दुसरं मत असणं कठीणच. हिंगणघाटच्या बाजारात गाडीभोवती व्यापारी जमतात, वरच्या थरातला चिमूटभर कापूस ओढून धागा बघतात, बोली चढते, भाव फुटतो. मग गाडी जिनिंगला रिकामी होऊ लागली की खालचा माल ओला निघाला, किडक्या बोंडांची कवडी निघाली, असं सांगून क्विंटलमागे शे-दोनशेची कटनी लागते. दिवस कललेला, गाडीचं भाडं चढत असलेलं. शेतकरी तो माल परत कुठे नेणार? कागदावर बोली जशीच्या तशी, हातात पडणारा चुकारा मात्र कमी. मागे घेतलेलीच बोली ती, फक्त मागच्या दाराने.

त्यामुळे १४ एप्रिल २०१६ला ई-नाम हे शेतमालाच्या ऑनलाइन लिलावाचं व्यासपीठ सुरू झालं तेव्हा मला वाटलं, झालं! आता कळ दाबली की सुटका नाही. कटनीचे दोनशे शेतकऱ्याच्या खिशात.

ते तसे येत नाहीत. बोली फिरवता येणार नाही हे पक्कं ठाऊक असलेला व्यापारी, ढिगाच्या पोटात काय आहे हे न बघता, ७३००ऐवजी ७१००च बोलतो. कटनी थांबत नाही, ती बोलीच्या आधीच कापली जाते. आणि ती सरसकट कापली जाते: ज्याने कापूस नीट वाळवून, वेचून आणला त्यालाही ओल्या मालवाल्याइतकीच झळ. तेलक्षेत्रांच्या लिलावाबद्दल तीन अमेरिकी अभियंत्यांनी १९७१मध्ये हेच दाखवलं होतं. जमिनीखाली किती तेल आहे याचा सगळेच अंदाज बांधतात, आणि ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला तोच जिंकतो. शहाणा माणूस म्हणून हात राखूनच बोलतो.

मग बोली मागे घ्यायला मोकळं रान द्यायचं का? तेही नाही. ईबेसारख्या लिलावात तुम्ही तुमची कमाल मर्यादा गुप्तपणे सांगता आणि यंत्र तुमच्या वतीने दुसऱ्यापेक्षा एक पायरी वर बोलत राहतं. समजा तुमची मर्यादा ८०००, दुसऱ्याची ६०००, तिसऱ्याची ४५००. भाव ६०००च्या जरा वर थांबेल. दुसऱ्याने अंग काढून घेतलं की तो ४५००च्या जरा वर येतो. वरचा माणूस तोच, त्याची तयारीही तीच, पण विकणाऱ्याचे दीड हजार गेले. लबाडी असेल तर आणखी वाईट. एकाने ३००० लावायचे, दोन जोडीदारांनी लगेच ५०,०००च्या आसपास लावून बाकीच्यांना पळवायचं आणि शेवटच्या घटकेला माघार घ्यायची. वस्तू ३०००त पदरात. उलट असा जोडीदार विकणाऱ्याचा असेल, तर तो एका ५०,०००च्या बोलीने तुमची ८०००ची मर्यादा उघडी पाडतो, ती मागे घेतो, ७९००वर जाऊन बसतो आणि तुमच्याकडून जवळजवळ पूर्ण ८००० उकळतो. माघारीने भाव पडतो तसा चढतोही. ईबेने शेवटच्या १२ तासांत दिलेली बोली तासाभरातच मागे घेता येईल असं बंधन घातलंय, ते यामुळेच असावं.

गंमत म्हणजे कायदा आपल्याच बाजूने असणार असं मी गृहीत धरलं होतं. १९३०च्या माल विक्री अधिनियमाचं कलम ६४ सांगतं की हातोडा पडेपर्यंत कुणीही आपली बोली मागे घेऊ शकतो. म्हणजे ‘एक वार, दोन वार’ म्हणेपर्यंत मुभा, तिसऱ्या वारानंतर बांधिलकी. आणि तिसऱ्यानंतर पाय मागे घेतलाच तर? १९०८ची दिवाणी प्रक्रिया संहिता स्थावर मालमत्तेच्या न्यायालयीन विक्रीपुरतं उत्तर देते: घेणाऱ्याने २५ टक्के जागेवर भरायचे, तो चुकला तर फेरलिलावात जेवढी रक्कम कमी येईल तेवढी त्याच्याकडून वसूल. अमेरिकेने १९९४पासून रेडिओलहरींचे लिलाव केले, त्यांतही माघारीला परवानगी होती आणि दंडही जवळपास हाच: सोडलेली बोली आणि नंतर आलेला भाव यांतला फरक. ते लिलाव आखणाऱ्या मिलग्रोम आणि विल्सन यांना २०२०चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता माझं म्हणणं एवढंच की माघार असावी, पण तिची किंमत आधी ठरलेली असावी. आणि कापसापुरतं म्हणाल तर माघारीची वेळच येऊ नये, म्हणून ओलावा बोलीच्या आधी, यार्डात, सगळ्यांसमोर मोजला जावा. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, १२पर्यंत प्रमाणात कपात होते. आकडा फळ्यावर लागला की व्यापाऱ्याला भीतीपोटी दोनशे राखून ठेवायचं कारण उरत नाही, आणि जिनिंगच्या फाटकात कुरकुरायलाही जागा राहत नाही.

आमच्या ओळखीच्या एका अडत्याला हे पटत नाही. "भाऊ, मुभा दिली का ते व्यापारीच वापरन, कास्तकार नाही," असं तो म्हणतो, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. म्हणून मी एक अट वाढवली आहे: माघारीचा दंड बाजार समितीच्या तिजोरीत जायला नको, ज्याची गाडी अडून पडली त्याच्याच चुकाऱ्यात तो त्याच दिवशी जमा व्हावा. यावर अडत्या अजून काही बोललेला नाही.