बंद झालेला पार्ट

‘पार्ट बंद झाला’ हे वाक्य आमच्या धंद्यात दोन अर्थांनी बोलले जाते. एक म्हणजे तो जळाला. दुसरा म्हणजे कंपनीने तो बनवायचेच थांबवले. पहिल्या अर्थावर आमची रोजी चालते, दुसऱ्या अर्थाने ती बुडत चालली आहे. जळगावात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. अलीकडे माझ्या टेबलावर येतो तो बहुतेक हा दुसरा अर्थच.

काम शिकलो ते धुळ्यात, आग्रा रोडजवळच्या एका गल्लीत. उस्तादांचे दुकान म्हणजे एक टेबल, दोन स्टुले आणि भिंतभर फळ्या. त्या काळचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे जड ट्रान्सफॉर्मर, अ‍ॅल्युमिनियमचे भलेमोठे हीटसिंक आणि त्यावर टू-एन-३०५५ सारखे लोखंडी टोपीचे ट्रान्झिस्टर. एका कंपनीचा मिळाला नाही तर त्याच नंबरचा दुसऱ्या कंपनीचा मिळे. उघडलेले मशीन उस्ताद कधीही थेट लाइनवर लावत नसत. आधी सिरीजमध्ये शंभराचा बल्ब. म्हणत, “बेटा, बल्ब चमक के बुझ गया तो खैर है. जलता रहा तो समझ, अंदर शॉर्ट है.” आणखी एक शिस्त त्यांनी लावली. प्रत्येक नव्या मशीनचे सर्किट वहीत हाताने काढायचे. कंपनी कागद देत नाही, म्हणून आपला कागद आपण करायचा.

पुढे क्लास डी आला. पुष्कळांना ‘डी’ म्हणजे डिजिटल वाटते. तसे नाही, ए, बी, सी नंतरचे ते अक्षर आहे, एवढेच. जुना ट्रान्झिस्टर अर्धवट उघडलेल्या नळासारखा चालतो आणि त्यात बरीच वीज उष्णता होऊन जाते. क्लास डीमध्ये मॉस्फेट एकतर पूर्ण चालू असतो, नाहीतर पूर्ण बंद. सेकंदाला काही लाख वेळा ही उघडझाप होते. आवाजाप्रमाणे चालू-बंदचा काळ कमीजास्त होतो, आणि शेवटी कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर त्यातून गाणे वेगळे काढतो. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते. त्यामुळे मशीन हलके झाले, बँडवाल्यांच्या गाडीवर सहज चढू लागले.

पण जी गोष्ट हलकी झाली ती नाजूकही झाली. वरचा आणि खालचा मॉस्फेट एका क्षणासाठी जरी एकदम चालू राहिले, तरी दोन्ही जातात. जाताना गेटचे रेझिस्टर आणि ड्रायव्हर आयसीही घेऊन जातात. त्यात आमचा खानदेश. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, गाडीवर जनरेटरची वीज वरखाली होते आणि वरातीची धूळ असतेच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की जवळजवळ निम्मे होते, असा साधारण हिशेब आहे. थंड देशात पंधरा वर्षे टिकणारे मशीन इथे लवकर माझ्याकडे येते. येते तेव्हा त्याचा आयसी बाजारातून गेलेला असतो.

आयसी असा कसा जातो, हे गिऱ्हाइकाला सांगणे कठीण असते. एक उदाहरण मी नेहमी देतो. भारतीय वंशाचे आद्या त्रिपाठी यांनी १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ट्रायपाथ नावाची कंपनी काढली. त्यांच्या टीए २०२० या छोट्या चिपने स्वस्त मशीनमधून असा आवाज काढला की शौकीन चकित झाले. २००९ मध्ये ‘आयईईई स्पेक्ट्रम’ या मासिकाने जग हलवणाऱ्या २५ चिपांची यादी छापली, तीत ही चिप होती. पण कंपनीने २००७ मध्येच दिवाळे काढले होते. मान मिळाला तेव्हा चिप बनवणारे कोणी उरले नव्हते. ज्यांच्या घरी ती मशीने होती, ती मात्र तशीच वाजत होती आणि एकेक करून बंद पडत होती.

लग्नसराईच्या तोंडावर धुळ्याचे एक बँडवाले मामू दोन मॉड्यूल घेऊन आले. एकाच मशीनचे दोन चॅनेल, दोन्ही बंद. “भाऊ, लगीनसराई तोंडवर शे, काहीबी करा पन आवाज काढा.” मशीन कर्जावर घेतलेले, हप्ते चालू. तपासले तर दोन्हींत मॉस्फेट शॉर्ट आणि ड्रायव्हर आयसी मेलेला. तो आयसी बनणे कधीच थांबलेले.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माल मागवला. नंबर बरोबर, छपाई चकचकीत. कापसाला थिनर लावून पुसले तर आयसीवरची छपाई निघून आली. खालून दुसराच नंबर दिसला. मॉस्फेटच्या गेटची कपॅसिटन्स मोजली, ती डेटाशीटच्या मानाने फारच कमी. म्हणजे आत छोटा तुकडा घालून वर मोठे नाव छापलेले. असा माल लावला तर मशीन टेबलावर वाजते. वरातीत भार आला की फुटते, आणि थेट डीसी स्पीकरमध्ये जाऊन वूफरही जाळते. मी तो लावला नाही.

माझा मुलगा पॉलिटेक्निक करून दुकानात बसतो. तो म्हणाला, “अब्बा, पूरा बोर्ड बदल दो, झंझट खतम.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण नव्या बोर्डाला वेगळा व्होल्टेज हवा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरही नवा. मामूंचा हिशेब तिथेच कोलमडत होता.

शेवटी भंगारातला त्याच मशीनचा एक बोर्ड मिळाला. त्यावरचा एक ड्रायव्हर जिवंत होता. मॉस्फेट मात्र आजचे, सहज मिळणारे निवडले. नुसता व्होल्ट-अँपिअर जुळून भागत नाही, गेट चार्जही जवळपास तेवढाच लागतो. तो जास्त असेल तर ड्रायव्हर तापतो आणि उघडझाप सुस्तावते. जोडी बदलली, गेटचे रेझिस्टर आणि कपॅसिटर नवे घातले, सिरीजचा बल्ब लावला. तो चमकला आणि मंद झाला. एक मॉड्यूल वाजले. दुसऱ्यासाठी आयसीच नव्हता.

मामूंना सगळे सांगितले : एकच चॅनेल झाला, आयसी जुना काढलेला आहे, गॅरंटी देत नाही. ते गप्प बसले. मग म्हणाले, “एकबी चालीन.” दुसरे मशीन भाड्याने घेऊन त्यांनी लग्नसराई काढली. कमाईतला काही भाग त्या भाड्यात गेला.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्याचे पोर्टलही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने असे विषय त्यात आले. चांगलेच झाले. माझे मागणे त्याहून लहान आहे. पार्ट बनवणे परवडत नसेल तर कंपनीने खुशाल थांबवावे, पण थांबताना सर्किट उघडे करावे. मग पर्याय आम्ही शोधू. आज तो कागद मिळत नाही, म्हणून खोटी छपाई करणाऱ्याचे फावते आणि इमानाने काम करणारा ‘होणार नाही’ म्हणून बदनाम होतो.

मुलगा आता त्या मॉड्यूलचे सर्किट काढतो आहे. वहीत नाही, कॉम्प्युटरवर. नव्या ड्रायव्हरसाठी छोटी पट्टी बनवून जुन्या जागी बसवता येईल, असे त्याला वाटते. दुसरे मॉड्यूल अजून फळीवर आहे. मामू दर महिन्याला फोन करून विचारतात, आणि हल्ली तो फोन मुलगाच घेतो.