अठ्ठेचाळीस तासांचे जावई

टेक्सासची राजधानी ऑस्टिन. जूनमधले तिथले ऊन नागपूरकरालाही घाम फोडील. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. दिवे लागणीला मात्र सारे शहर नदीकाठी लोटते, काँग्रेस ॲव्हेन्यूच्या पुलाखालून निघणारी लाखो वटवाघळे पाहायला. नदीचे नाव कोलोरॅडो. पण ग्रँड कॅन्यन कोरणारी ती नव्हे, ही टेक्सासची घरची. पुलावरून उत्तरेला पाहिले की विधानभवनाचा घुमट दिसतो, त्याच्या मागे विद्यापीठाचा ३०७ फुटी मनोरा, आणि त्याच्या पूर्वेला एक लाख माणसे बसतील असे फुटबॉलचे क्रीडांगण. आपले वानखेडे तीनदा भरावे तेव्हा हे एकदा भरते. आणि मालक कोण, तर विद्यापीठ!

फुटबॉल म्हणजे मोहन बागानचा नव्हे. इथला चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचा आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचे. पायाचा संबंध बेताचाच.

जूनमध्ये सामने नसतात. तरीही या दिवसांत शनिवार-रविवारी विद्यापीठाच्या मंडळींची धांदल उडालेली असते. पाहुणे यायचे असतात. पाहुणा म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा, सहा फुटांवर उंचीचा शाळकरी मुलगा, बरोबर आईबाप. पुढच्या वर्षी त्याने आपल्याच कॉलेजात यावे म्हणून त्याला अठ्ठेचाळीस तास ठेवून घ्यायचे, सगळा खर्च विद्यापीठाचा. याला ‘ऑफिशियल व्हिजिट’ म्हणतात. मी मनात अधिक महिन्याचे वाण म्हटले. फरक इतकाच, की इथे लग्न अजून ठरायचे असते, आणि एकाच जावयाला दहा सासुरवाड्या बोलावीत असतात.

बडदास्त कशी? २०२२ च्या जूनमधला एक शनिवार-रविवार घ्या. नऊ मुले पाहुणी होती. त्यांत न्यू ऑर्लिन्सचा आर्च मॅनिंग होता, फुटबॉलमधल्या अत्यंत प्रसिद्ध घराण्याचा नातू. पंचतारांकित हॉटेल, मेजवान्या, वडीलधाऱ्यांसाठी पेयपान. खर्च झाला सुमारे २,८०,००० डॉलर. त्या वेळच्या दराने दोन कोटी रुपयांच्या वर. मुलामागे चोवीस लाख! आपल्याकडे एवढ्यात लग्न होऊन वर मधुचंद्रही होईल. मॅनिंगने आठवड्याच्या आतच होकार कळवला. ज्याच्या घरी काहीच कमी नव्हते, त्यालाच ताट सर्वांत भरलेले, हे मात्र कुठल्याही मुलखात सारखेच.

पण मला त्या बाकीच्या मुलांविषयी अधिक वाटते. कुणाची आई रात्रपाळी करीत असेल, कुणी घराबाहेर पहिल्यांदाच निजत असेल. त्याच्या मापाचा गणवेश तयार असतो. तो घालून छायाचित्रे काढायची. अनेक विद्यापीठांत शेजारी एखादी झगमगती मोटारही उभी करतात. मोटार फक्त छायाचित्रापुरती बरे! लग्नाच्या मांडवात मागून आणलेले दागिने असतात ना, तशी.

हा थाट आजचा नाही. २००४ साली मायामीच्या एका मुलाने आपल्या भेटींची रोजनिशी वर्तमानपत्रात सांगितली: खासगी विमान, आणि एका बैठकीत महागड्या लॉब्स्टरच्या एकीमागून एक मागवलेल्या प्लेटी. लोक हसले. पण हसण्यापलीकडचेही प्रकार होते. कोलोरॅडो विद्यापीठात डिसेंबर २००१ मध्ये पाहुण्या मुलांच्या मौजेच्या नावाखाली जे घडले, त्याबद्दल दोन तरुणींनी फिर्याद लावली. २००७ साली विद्यापीठाने २८ लाख ५० हजार डॉलर देऊन ती मिटवली. त्यामुळे २००४ मध्येच कॉलेज-खेळांची नियामक संस्था एनसीएए जागी झाली. खासगी विमान बंद, तिकीट साध्या वर्गाचे. विमानात हात आखडला. हॉटेलात पुढे पुन्हा सैल सुटला.

आता हिशेब पाहा. २०२१-२२ साली टेक्सास विद्यापीठाच्या क्रीडाखात्याचे उत्पन्न २३ कोटी डॉलरांवर होते. तिकिटे, देणग्या, दूरचित्रवाणी. त्यापुढे ते पावणेतीन लाख म्हणजे अक्षतांचे तांदूळ. पण ज्याच्या खेळावर हे सारे चालते त्या मुलाच्या पदरात काय पडे? शिकवणी, खोली, जेवण. पगार द्यायचा नाही, असा दंडक. कारण तो ‘हौशी’. रोख देता येत नाही म्हणून लॉब्स्टर द्यायचा. आणि खरा काटा पुढेच. १९७३ पासून जवळजवळ चार दशके ती शिष्यवृत्ती एका वर्षाच्या बोलीची होती. प्रशिक्षकाच्या मनातून उतरला, गुडघा मोडला, तर वर्षाअखेरी नमस्कार. ही बोली मेजवानीत कोण काढणार? २०१२ पासून अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा झाली. शंभरांतले दोघेही पुढे व्यावसायिक खेळात पोहोचत नाहीत. म्हणून पाहुणचाराच्या त्या दोन दिवसांत आईने विचारायचे ते एवढेच: हा पडला तर औषधपाणी कोण पाहील, आणि पदवी पुरी होईल का?

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवण्याची परवानगी आहे. जून २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीने, २०२५-२६ या वर्षात प्रत्येक विद्यापीठाला सगळ्या खेळांतल्या खेळाडूंत मिळून २ कोटी ५ लाख डॉलरांपर्यंत थेट वाटता येऊ लागले. म्हणजे हुंडा उघडपणे सुरू झाला. मेजवान्या मात्र थांबल्या नाहीत. शिवाय जावयाला रुसण्याचाही हक्क मिळाला आहे. पूर्वी कॉलेज बदलले की वर्षभर बाकावर बसावे लागे; आता बसावे लागत नाही. त्यामुळे दुसऱ्या घरून रुसून निघालेल्यांसाठीही पाने मांडावी लागतात, आणि हे काम जूनवर थांबत नाही. जानेवारीच्या थंडीतही पंगत चालूच असते.