दोन यमुना

कादंबरी लोकांस का आवडते आणि का आवडत नाही, या प्रश्नास विद्वानांनी आजवर पुष्कळ उत्तरे दिली आहेत. कोणी कथानकाच्या गुंफणीस श्रेय देतात, कोणी भाषेच्या प्रसादास, कोणी विषयाच्या नावीन्यास; आणि एखादी कादंबरी पडली म्हणजे हेच तिन्ही गुण तिच्या ठायी नव्हते, असे सिद्ध करणेही त्यांस जड जात नाही. आम्ही टीकाकार नव्हे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांतील शाळांत नोकरी करून निवृत्त झाल्यावर एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयाची किल्ली आमच्या हाती आली. तेथील देवघेवीच्या वहीत जे दिसते तेवढ्यावरच आमचे ज्ञान उभे आहे. परंतु ही वही मोठी निःस्पृह आहे. ती लेखकाचे नाव पाहत नाही, पारितोषिक पाहत नाही. पुस्तक तिसऱ्या दिवशी परत आले, की दंड सोसून महिनाभर घरी राहिले, एवढेच ती सांगते.

'पुढे काय होणार' हे औत्सुक्यच कादंबरीचा प्राण होय, असे म्हणणारा एक मोठा संप्रदाय आपल्याकडे होऊन गेला. ना. सी. फडके हे त्याचे अध्वर्यू. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रतिभासाधना'त त्यांनी तंत्राची महती सांगितली, आणि त्या तंत्रावर स्वतः कित्येक वर्षे वाचकांस खिळवून ठेवले, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु आमच्या वहीचा कौल निराळा पडतो. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली प्रसिद्ध झाली. कर्णाच्या रथाचे चाक रुतणार, हे या देशातील शेंबड्या पोरासही ठाऊक असते. असे असता आमच्याकडील प्रत दोन वेळा शिवून बांधावी लागली, आणि तीत कर्ण, कुंती, दुर्योधन ही मंडळी आपापल्या तोंडाने बोलू लागली की वाचक ते चाक रुतू नये म्हणून जणू खांदा द्यावयास धावतो! उलट, बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा लोक एका रात्रीत फडशा पाडून परत आणीत. तीच कथा दुसऱ्यांदा मागणारा मात्र विरळा. औत्सुक्याने पुस्तक उघडते, आणि उलगडा झाला की मिटते. पुस्तक मिटल्यावरही जे मिटत नाही, त्याचे मूळ दुसरीकडे शोधले पाहिजे.

ते आम्हांस मराठी कादंबरीच्या अगदी उगमापाशीच सापडते. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला, आणि लगेच पुढच्या वर्षी बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिले. तीत यमुना नावाची सुशील स्त्री पतीबरोबर प्रवासास निघते, ठिकठिकाणी विधवांची दुःखे पाहते, ऐकते, हळहळते. पुढे तिच्यावरही वैधव्य येते, आणि अखेर ख्रिस्ती धर्म व पुनर्विवाह यांत तिचे समाधान होते. यानंतर सुमारे तेहतीस वर्षांनी हरि नारायण आपटे यांनी 'करमणूक' हे पत्र १८९० साली काढले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापली. योगायोग असा की, हिच्या नायिकेचे नावही यमुनाच. विषयही तोच: आपल्याच घरांतील विधवा. पहिली यमुना आज वाङ्मयेतिहासाच्या परीक्षेपुरती उरली आहे. दुसरी, म्हणजे यमू, सव्वाशे वर्षे उलटली तरी वाचणाऱ्याच्या घशाशी येते.

हा भेद भाषेचा म्हणावा, तर पदमनजींचे गद्य त्या काळाच्या मानाने पुष्कळच सरळ आहे. कळकळीचा म्हणावा, तर त्यांच्या कळकळीविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल. भेद कोठे आहे हे आम्हांस एका अशिक्षित स्त्रीने सांगितले.

आमच्या वडिलांच्या आत्या आमच्या घरीच असत. सगळे त्यांना अक्का म्हणत. लाल आलवण, डोक्यावरून पदर, आणि माजघरातील खांबापाशी ठरलेली जागा. दुपारची निजानीज झाली की आमची आई त्यांना आपट्यांची ही कादंबरी वाचून दाखवी. यमूच्या केसांस वस्तरा लागण्याचा प्रसंग आला तेव्हा आई थांबली. अक्का म्हणाल्या, "थांबू नकोस गं, वाच." प्रकरण संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला, "तेव्हा तिला कितवं वर्ष होतं म्हणालीस?" आणि उत्तर न ऐकताच उठून त्या न्हाणीघराकडे गेल्या. पुढे आम्ही मॅट्रिकच्या वर्गात असताना, मिळविलेल्या ज्ञानाचे प्रदर्शन करण्याच्या हौसेने, पदमनजींच्या यमुनेचीही गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "बाई गुणाची दिसते. पण ती बघायला आली होती रे."

इतक्या थोडक्या शब्दांत याहून नेमके परीक्षण आम्ही पुढे कोठे वाचले नाही. पदमनजींनी पुस्तकाच्या नावातच 'पर्यटन' हा शब्द घातला आहे, आणि त्यांनी तो किती प्रामाणिकपणे घातला हे अक्कांमुळे कळले. वाचकही यमुनेच्या गाडीत बसून दुःखे पाहत जातो आणि शेवटी औषधाची पुडी घेऊन घरी परततो. आपट्यांनी वाचकास गाडीत घेतलेच नाही. यमूच्या घरातच कोंडले, आणि पुडीही हाती दिली नाही. शिवाय दुसरी एक गोष्ट त्यांनी केली, ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. यमूचा छळ करणारे शंकरमामंजी हे काही राक्षस नव्हेत. तसे एक तरी माणूस 'करमणूक' वाचणाऱ्या प्रत्येक घरात पाटावर जेवायला बसत असे. वाचकास रडूही येई आणि आपल्या पंक्तीकडे पाहावेसेही वाटेना.

साहित्यशास्त्राच्या परिभाषेत याला साधारणीकरण म्हणता येईल की नाही, यावर आमच्या गुरुजींनी तासभर वाद घातला असता. आम्ही त्यात शिरत नाही. परंतु 'कादंबरी' हे नावच ज्या ग्रंथावरून आपण घेतले, त्या बाणभट्टाच्या ग्रंथाचा दाखला येथे द्यावाच लागेल. सातव्या शतकातील या महाकवीने विंध्याटवीचे जे वर्णन केले आहे, त्यातील समास सोडविताना आम्ही ऐन उन्हाळ्यात घामाने निथळलो आहोत. आणि खरे सांगावयाचे तर त्यांतील फारच थोडे आता आठवते. आठवते ते एवढेच: सावरीच्या जुन्या वृक्षाच्या ढोलीत पोपटाचे एक पिल्लू आहे, आई जन्मताच गेली, म्हातारा शबर झाडावर चढतो, हात घालतो, बाप पिल्लास पंखांखाली घेतो आणि मारला जातो, पिल्लू त्याच्याबरोबर वाळल्या पाल्यावर पडते म्हणून वाचते, आणि मग तहानेने व्याकूळ होऊन सरपटू लागते. सारे अरण्य त्या पिल्लाच्या उंचीवरून दिसू लागते. तोवर बाणभट्ट अरण्याचे पर्यटन करीत होता. येथे तो अरण्यात राहावयास गेला.

आमच्या वाचनालयात एक पुस्तक असे आहे की, त्यास घेणारे पुष्कळ आणि वाचणारे थोडे. ज्ञानकोशकार केतकरांची 'गोंडवनातील प्रियंवदा'. नावात गोंडवन पाहून येथील मनुष्य मोठ्या आपुलकीने ते घेऊन जातो आणि तिसऱ्या दिवशी परत आणतो. केतकरांची बुद्धी मोठी, समाजाचे निरीक्षण दांडगे. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीला 'केतकरी कादंबरी' या नावाचे स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटले, यातच त्यांची योग्यता आली. परंतु त्यांची पात्रे बोलू लागली की केतकरच बोलू लागतात, आणि सामान्य वाचक सभेतून निघून जावा तसा हळूच निघून जातो. आम्ही स्वतः त्यांच्या कादंबऱ्या आदराने वाचतो. आदराने कादंबरी वाचणे हे काही तिच्या यशाचे लक्षण नव्हे. याच्या उलट 'कोसला'. १९६३ सालच्या या कादंबरीस म्हणण्यासारखे कथानकच नाही, म्हणून आमच्या वयाची मंडळी ती नाक मुरडून परत करतात. पण धाकट्या मनीच्या मृत्यूपर्यंत पोहोचलेल्याने तेथून पुस्तक परत केल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

पुस्तक न वाचणाऱ्या माणसांतही हाच न्याय चालतो. धान निघाले, दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज म्हणजे वडसा, तेथील मंडळ्या गावोगाव जातात आणि प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगतो. अशा एका प्रयोगात नायिकेचा मामा दारूच्या दुष्परिणामांवर सुरेख भाषण करू लागला. अर्धा मंडप चहास उठला. थोड्या वेळाने दारुड्या बापाने मुलीच्या लग्नासाठी राखलेली शेळी सोडून नेली, आणि चहाचे पेले हातातच राहिले. आमच्या शेजारची म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगं, दार लाव की!" मामाच्या भाषणात जे होते तेच शेळीतही होते, परंतु मामा सांगत होता आणि शेळी जात होती.

आता ज्या गोष्टीसाठी हे सर्व लिहावयास घेतले तिच्याकडे वळतो. आमच्या अरण्यावर शहरातील लेखकांनी लिहिलेले वाङ्मय थोडे नाही. त्यात मोह फुलतो, ढोल वाजतात, चांदणे तर अमावास्येसही असते! भामरागडकडील एक माडिया विद्यार्थी आमच्याजवळ शिकत असे. असे एक पुस्तक परत करताना तो म्हणाला, "गुरुजी, या जंगलात कोणाला भूकच लागत नाही." पुढे आम्ही त्याला विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' दिली. मनोहर हे हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पातील कार्यकर्ते. बाबा आमट्यांनी १९७३ साली सुरू केलेल्या त्या कामात राहून, माडियांच्या सहवासात वर्षे काढून त्यांनी ही कादंबरी लिहिली. तिचा शेवट तिच्या नावातच सांगून टाकला आहे. औत्सुक्यास जागाच ठेवलेली नाही. तो मुलगा पुस्तक घेऊन गावी गेला, पर्लकोटेला पूर आला, पूल पाण्याखाली गेला, आणि पुस्तक पावसाळा संपल्यावर परत आले. कशी वाटली, असे विचारता तो म्हणाला, "त्याने तसं करायला नको होतं, गुरुजी." कादंबरीविषयी तो काहीच बोलला नाही. पाठच्या भावावर रागवावे तसा तो पुस्तकातील माणसावर रागावला होता.

तो मुलगा आता स्वतः शिक्षक आहे, आणि गेल्या वर्षी त्याने आपल्या कादंबरीची पहिली चाळीस पाने वहीत लिहून आमच्याकडे धाडली. सोबत एवढाच प्रश्न: "ही चालेल का?"

पहिली बारा पाने वाचून आम्ही खिन्न झालो. मोह, ढोल, चांदणे, सर्व काही यथासांग. ज्या पुस्तकांवर तो चिडत असे तीच त्याच्या लेखणीतून उतरली होती; आपल्याच गावाचे तो पर्यटन करीत होता. तेराव्या पानावर त्याची आई तेंदूपानांच्या फळीवर पुडकी घेऊन उभी राहते, दिवाणजी काही पुडकी खराब म्हणून बाजूला टाकतो, आणि ती ती मुकाट्याने उचलून पुन्हा मोजू लागते. येथून वही हलली ती थांबली नाही. पुढे शाळा येते. मास्तरास मुलाचे माडिया नाव उच्चारता येत नाही, म्हणून तो पटावर आपल्या पसंतीचे एक सोज्ज्वळ नाव लिहितो, आणि संध्याकाळी आईने नेहमीच्या नावाने हाक मारली असता मुलगा वळून पाहत नाही. तो मास्तर आम्ही नव्हतो, हे कोणताही हजेरीपट सांगेल. तरी पान उलटण्यापूर्वी आम्ही उठलो, माठातील पाणी प्यालो, आणि बराच वेळ अंगणात उभे राहिलो. 'करमणूक' वाचणाऱ्या गृहस्थांस शंकरमामंजी भेटले तेव्हा काय झाले असेल, ते आम्हांस त्या दिवशी नीट कळले.

आम्ही त्यास कळविले की, पहिली बारा पाने फाडून टाकावी आणि तेराव्यापासून आरंभ करावा. माडिया शब्दांचे अर्थही जागोजागी कंसात देऊ नयेत. यमूने सोवळे म्हणजे काय हे कोणास समजावून दिले नाही. यावर त्याचे उत्तर आले: "गुरुजी, यमूचं घर आणि वाचणाऱ्याचं घर एकच होतं. माझ्या घरात पुण्या-नागपूरचा माणूस कधी आलेला नाही. ती पानं काढली तर त्यानं शिरायचं कुठून?" प्रश्न खोटा नाही. आपट्यांना जे आयते मिळाले होते ते या मुलास एकेका वाक्याने उभारावे लागणार आहे. आम्ही लिहिले, "पुडकी मोजताना कोणाची बोटे दुखतात हे पुणेकरासही समजेल; तेथूनच शिरू दे." हे त्यास पटले की नाही, ते सांगता येत नाही. बारांपैकी नऊ पाने त्याने काढली आहेत. तीन ठेवली आहेत, आणि ती ठेवण्याविषयी तो हट्टास पेटला आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत तो गावी जाणार आहे. आईस मराठी येत नाही. तेव्हा वही समोर धरून, एकेक वाक्य माडियात सांगत, तो तिला सगळे वाचून दाखविणार आहे. तिचे काय म्हणणे पडते ते ऐकल्यावर पुढचे प्रकरण आमच्याकडे येईल.