डोळ्यांखाली काय टोचलं, त्याचा कागद घ्या

डोळ्यांखाली फिलर घेतल्यावर आठवडाभर थोडी सूज असतेच. माझी २ महिने उतरेना, डावीकडे वाटाण्याएवढी गाठ. टोचलं तिथे विचारलं, नेमकं काय भरलंत? उत्तर आलं, "इम्पोर्टेड आहे, मॅडम."

दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांचाही पहिला प्रश्न तोच. कारण हायलुरोनिक अ‍ॅसिडचं फिलर हायलुरोनिडेजच्या इंजेक्शनने विरघळतं. दुसरं काही भरलेलं असेल तर त्याचा उपयोग नाही. खोक्यावरचं स्टिकर मिळवायला चार फेऱ्या मारल्या, मग गाठ गेली.

मंडळी, रुग्णाने कागद मागितले की डॉक्टरांनी ७२ तासांत द्यावेत, असा २००२ चा नियम आहे. हक्काने मागा. सुईआधीच नोंदणी क्रमांक विचारा, स्टिकरचा फोटो काढा. आणि टोचल्यावर अंधुक दिसलं, तर घरी थांबू नका, तडक हॉस्पिटल गाठा.