अब्बांच्या फणसाच्या फळ्या

माणगाव सोडून म्हसळ्याकडे निघाले की रस्ता डोंगरातून वळणे घेत जातो आणि श्रीवर्धन जवळ आले की वाऱ्याला खारा वास येऊ लागतो. आमच्या गावात घराची खूण झाडावरून सांगतात. आमचे घर म्हणजे 'फणसाजवळचे'. तो फणस अब्बांनी लावलेला.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, माड मोडले, कित्येक दिवस वीज नव्हती. आमचा फणस मुळासकट उपटला, पण विहिरीच्या बाजूला पडला. घर वाचले, अल्हम्दुलिल्लाह.

भाईजान कुवेतला असतात. फोनवर म्हणाले, "सरपणवाल्याला देऊन टाक. अंगण तरी मोकळे होईल." महाडहून आपा आली होती. ती बुंध्यावर हात ठेवून म्हणाली, "मला माझ्या हिश्शाच्या फळ्या हव्यात." आम्ही हसलो. तिने मात्र थट्टा केली नव्हती.

फणसाचे लाकूड जाळण्याचे नव्हेच. कोकणातल्या जुन्या घरांचे खांब, तुळया आणि दारे पाहा, त्यांत फणस सापडेल. आतल्या पक्क्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. सालीलगतचा फिकट भाग मात्र कच्चा, त्याला कीड धरते. फणस हे १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातल्या अनुसूचित झाडांपैकी आहे. झाड स्वतःच्या अंगणातले असले तरी तोडायला परवानगी लागते. आमचे तर वादळाने पाडलेले, तरी पंचनाम्याची प्रत जोडून वाहतुकीचा पास काढला आणि मगच ओंडका टेम्पोत चढवला. त्यात हिवाळा आला.

मिलमध्ये मिस्त्रींनी आधी टेप लावली. ओंडक्याची गोलाई पाच फूट, लांबी आठ फूट. लाकडाचा हिशेब असा असतो: गोलाईला चाराने भागायचे, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. सव्वाचा वर्ग गुणिले आठ, म्हणजे साडेबारा घनफूट. खरे घनफळ सोळाच्या जवळ जाते, पण साल, कडेचे तुकडे आणि भुसा यांची घट या रीतीत आधीच धरलेली असते. सातवीच्या वर्गात हे गणित मी आता दर वर्षी घेतो.

मिस्त्री पट्टा-करवत सुरू करण्याआधी म्हणाले, "मास्तर, घरच्या झाडात खिळा असतोच. आठवून सांगा." मला काही आठवेना. आपा पुढे झाली आणि बुडापासून छातीच्या उंचीवर बोट ठेवले. "इथे. अम्मीची कपड्यांची दोरी." वरून काहीच दिसत नव्हते. झाड शेंड्याकडे वाढते, खिळा ठोकलेल्या उंचीवरच राहतो. बुंधा जाड होत जातो आणि त्याला गिळतो. मिस्त्रींनी छिन्नीने खोदले तेव्हा चार बोटे आत गंजलेला आकडा निघाला. भोवतीचे लाकूड काळेनिळे पडले होते. आपा नसती तर करवत तुटली असती, कदाचित कुणाला इजाही झाली असती.

पहिली फळी सुटली आणि हळदीसारखा पिवळा रंग उघडा पडला. चीक पात्याला धरत होता. मिस्त्री मधूनमधून रॉकेलचा बोळा फिरवत होते. दीड इंचाच्या फळ्या काढल्या.

घरी आणल्यावर भाईजानने फोनवरच विचारले, "वाटणी कशी?" मी म्हणालो, "शरीअतप्रमाणे." अम्मी-अब्बा दोघेही गेलेले, आम्ही दोन भाऊ आणि एक बहीण. एकूण पाच हिस्से. साडेबारा भागिले पाच, म्हणजे अडीच. भावांचे पाच-पाच, आपाचे अडीच. एक मिनिटही लागले नाही.

आणि तेव्हा मला शरम वाटली. अब्बांच्या इंतकालाला नऊ वर्षे झाली होती. घर आणि वाडीचा हाच हिशेब आम्ही कधी केला नव्हता. आपा हक्कसोडपत्रावर सही करेल असे आम्ही धरूनच चाललो होतो. तिला कुणी विचारलेही नव्हते. फळ्यांचा हिस्सा द्यायला आम्हाला एक मिनिट पुरले, कारण फळ्यांची किंमत थोडी होती.

फळ्या पडवीत रचल्या. दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवल्या, म्हणजे हवा खेळते. टोकांना तेलरंग लावला, कारण टोके आधी सुकतात आणि तडकतात. वर दगड ठेवले. इंचाला एक वर्ष, असा वाळवणीचा जुना अंदाज आहे. कोकणच्या पावसात घाई करून चालत नाही. आम्ही दोन पावसाळे थांबलो. या काळात पिवळा रंग उतरत जाऊन तपकिरी झाला. काही फळ्या वाकल्या, दोन चिरल्या.

याच दोन वर्षांत तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या झाल्या. भाईजान आधी नाराज होते. रजेवर आले तेव्हा पडवीतल्या त्या पाच थप्प्यांसमोर बराच वेळ उभे राहिले. नंतर स्वतःच म्हणाले, "आपाचे नाव लावून घे." आज सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावे आहेत.

माझ्या फळ्यांचा तख्त झाला, भाईजानच्या फळ्यांचे जेवणाचे मेज. खर्च पाहिला तर बाजारातून घेतले असते तेवढाच पडला. आपाने नातीसाठी बैठे मेज करून घेतले. काळ्यानिळ्या डागाची फळी सुतार बाजूला टाकत होता. तिने तीच वर लावायला सांगितली.

गेल्या रमजानमध्ये महाडला गेलो तेव्हा नात त्या मेजावर अलिफ-बे गिरवत होती. डागावर बोट ठेवून तिने विचारले, "हे काय आहे?"

आपा म्हणाली, "ही माझ्या अम्मीची दोरी."